‘काय भिजलं’चा रकाना

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या सुरुवातीच्या पानांवर चार रकाने आखलेले आहेत: तारीख, पाऊस, अंगावर काय होतं, काय भिजलं. पुढे थंडी सुरू झाल्यावर शेवटच्या रकान्याचं नाव खोडून मी ‘काय गारठलं’ असं केलंय. मला याद्या करायची सवय पहिल्यापासूनच आहे. किराणा, दिवाळीची साफसफाई, लग्नाला जाताना बॅगेत काय भरायचं, सगळ्याच्या याद्या असतात. पण ही वही सवयीने झालेली नाही. ती भीतीने झालेली आहे.

सत्याऐंशी सालची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. सासू, सासरे, नवरा आणि मी. नवरा मुंबईच्या ऑफिसात, पहाटे जायचा आणि रात्री यायचा, त्यामुळे घरातलं ठरवणं सासऱ्यांकडे होतं. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे अर्ज तेच लिहून देत. अक्षर असं की अर्ज नाकारणाऱ्यालाही वाईट वाटावं.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते. तीन वर्षं अर्ज केल्यावर पालेगावच्या बाजूला, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला जागा मिळाली. जूनच्या मध्यापासून सहा महिने तात्पुरती, मग काम बघून कायम. वेळ सकाळी सात ते साडेतीन. गाडीने जायचं तर एक गाडी फार लवकर पोचवे, दुसरी दहा मिनिटं उशिरा, आणि अंबरनाथला उतरून पुढे बरंच चालायचं. सायकलने मात्र घरापासून कारखान्याच्या गेटपर्यंत पाऊण तास. सायकल माहेरची होती. प्रश्न सायकलचा नव्हता, छातीचा होता.

एकोणिसाव्या वर्षी मला प्लुरसी झाली होती. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं आणि चार महिने अंथरुणात गेले. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हे लपवलं नव्हतं. सासऱ्यांनीही तेव्हा मान डोलावली होती. आता नोकरीचा कागद हातात आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला समोर बसवलं.

“नोकरीला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण पावसात आणि थंडीत तू सायकल मारणार. एकदा जरी आजारी पडून अंथरूण धरलंस, तर त्या दिवशी नोकरी बंद. पत्र मी स्वतः लिहीन.”

ही धमकी नव्हती. रात्री भांडी लावताना सासूबाईंनी हळूच सांगितलं की यांची पाठची बहीण छातीच्या दुखण्यानेच गेली. त्यानंतर मला त्यांच्यावर रागावताही येईना. सहा महिने कोरडं राहायचं, एवढंच हातात होतं.

पहिल्या आठवड्यात मी उल्हासनगरला जाऊन रेनकोट आणला. दुकानदार सिंधी होते, वयस्कर. रेनकोटवर तांब्याभर पाणी ओतून दाखवत म्हणाले, “बेटी, इसमें पानी का बाप भी नहीं घुसेगा.” बाप आला नाही खरा, पण पाणी पहिल्याच दिवशी आलं. वहीतली पहिली नोंद अशी आहे: उजवा खांदा, दोन्ही बाह्यांच्या कडा, गुडघे, पाठ खालच्या बाजूला.

एकेका जागेचं कारण शोधायला लागले. खांद्यावर शिवण होती आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होतं. दर रविवारी शिवणींवर मेणबत्ती घासायला लागले. पाठ भिजत होती ती वरून नाही, खालून, मागच्या चाकाच्या चिखलाने. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून मडगार्डला खाली लोंबती बांधली. रेनकोटची टोपी घातली की मागून येणारा टँकर ऐकू येत नसे आणि मान वळवली की टोपीच्या आतलंच कापड दिसे. म्हणून टोपी सोडून दिली. डोक्याला प्लास्टिकची पिशवी, वरून घट्ट रुमाल. साडीचा प्रश्न सासूबाईंनी एका वाक्यात संपवला. पदर चेनमध्ये गेला तर ताप येण्याआधीच हातपाय मोडतील, त्यापेक्षा पंजाबी ड्रेस घाल, असं त्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

तरी मी भिजतच होते. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की हे पाणी पावसाचं नाहीच. रेनकोटमधून वारा जात नव्हता, पाऊण तास पायडल मारून आत घामाचा शेक होत होता. पाऊस असो नसो, अंग ओलंच. आणि तशा ओल्या अंगाने मी लॅबमध्ये पंख्याखाली जाऊन बसत होते. मग नियम केला: जाताना जुने सुती कपडे घालायचे, कोरडे दोन पिशव्यांमध्ये गुंडाळून न्यायचे, पोचल्यावर आधी पंच्याने अंग पुसायचं, मग कपडे बदलायचे आणि मगच हजेरी.

हे सगळं करताना कान सतत आपल्याच शरीराकडे लागलेले. सकाळी उठल्याबरोबर आवंढा गिळून बघायचा, घसा दुखतो का. शिंक आली तर नळ सोडायचा, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. संध्याकाळी सासरे सहज विचारल्यासारखं विचारत, “आज भिजलीस का?” मी म्हणे, थोडीशी बाही. त्यांची नजर माझ्या कपाळावर थांबे. कपाटात थर्मामीटर होता. तो कोणी तरी जागेवरून हलवला की मला कळत असे.

ऑगस्टमध्ये पाऊस धरला तो सुटेचना. मेण पुरेना. आमच्या पॅकिंगमध्ये पालेगावच्याच एक मावशी होत्या, शेतीवाडी करून कामाला येणाऱ्या. रंगाच्या आणि कच्च्या मालाच्या ड्रममध्ये आत जाड प्लास्टिकची पिशवी असते. ड्रम रिकामा झाला की त्या पिशव्या आसपासची माणसं घेऊन जात, छपराला, लाकडांना, गुरांच्या गोठ्याला. मावशींनी मला एक स्वच्छ दिसणारी पिशवी दिली.

“बाय, ह्यो घे,” त्या म्हणाल्या. “कापून आतून घाल. लावनीला आमी ह्योच घालतो. पानांची इरली कोन घेतंय आता?”

मी घरी आणून ती तीन वेळा साबणाने धुतली. वहीत तशी नोंदही केली, तीन वेळा. मग कापायला बसले. पिशवीचं बूड कारखान्यातच वितळवून चिकटवलेलं असतं. मी विचार केला, हीच जागा सगळ्यांत पक्की, तीच खांद्यावर आली पाहिजे. म्हणून पिशवी उलटी धरली, बुडाला मधोमध गळ्याएवढं भोक पाडलं आणि दोन बाजूंना हातांसाठी फटी केल्या. आरशात बघितलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेनकोटच्या आत ती घातली आणि खांदे पहिल्यांदाच भिजले नाहीत. आणखी दोन दिवस तेच. वहीत तीन दिवस चौथ्या रकान्यात एक आडवी रेघ आहे, म्हणजे काही नाही. त्या तीन रात्री मला झोप चांगली लागली.

चौथ्या दिवशी सकाळी पावसाने थोडी उघडीप दिली होती. मी सासूबाईंच्या हातून चहाचा कप घेतला. त्यांनी कप सोडला नाही.

“अगं, जरा इकडे उजेडात ये.”

खिडकीपाशी नेऊन त्यांनी माझे तळवे उलटे केले. पिवळे होते. नखांच्या कडा पिवळ्या, मनगटापासून वर पिवळे ओघळ, मान पिवळी. आमच्या न्हाणीघरात पिवळा बल्ब होता, त्याच्या उजेडात तीन दिवस मला काहीच दिसलं नव्हतं. लॅबमध्ये तर सगळ्यांचेच हात कुठल्या ना कुठल्या रंगाचे. मी म्हणाले, कारखान्यातलं काही लागलं असेल, आणि दगडाने घासून बघितलं. गेलं नाही. सासरे चष्मा लावून आले, बघितलं आणि एकच शब्द म्हणाले.

“कावीळ.”

त्या पावसाळ्यात आमच्या आळीत तिघांना कावीळ झाली होती. कावीळ नाही अशी मला स्वतःलाही खात्री वाटेना. थकवा होता, पण रोज सायकल मारणाऱ्याला थकवा असतोच. जेवण जात नव्हतं, पण भीतीने ते जून महिन्यापासूनच जात नव्हतं. खरंच कावीळ असेल तर? महिनाभर अंथरूण.

सासरे टेबलाशी बसले. त्यांनी टाक नाही, साधं पेन घेतलं, पण अक्षर तसंच, वळणदार. पत्र दोन ओळींचं होतं: सूनबाई आजारी असल्याने आजपासून कामावर येऊ शकणार नाहीत, तरी त्यांना मुक्त करावं. शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ आमच्याच कारखान्यात दुपारच्या पाळीला जात, तीनला हजर होत. सासऱ्यांनी पत्र पाकिटात घालून त्यांच्याकडे दिलं, हजेरीच्या टाइम ऑफिसात द्या म्हणून. परत आले ते खुर्चीत बसून राहिले. मला म्हणाले, “बरी हो. दुसरं काही नको.”

काविळीला तेव्हा डॉक्टरआधी उतरवणारा गाठायची पद्धत होती. नदीपलीकडे, बारवीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात एक म्हातारे कावीळ उतरवत. सासूबाई मला टांग्यातून घेऊन गेल्या. मी विज्ञानाची पदवीधर, पण त्या दिवशी मला कोणीही काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. ओटीवर आधीच दोघं बसले होते. पद्धत मी त्यांच्यावर बघितली: म्हातारे काहीतरी पुटपुटत, हातांवर चुन्याचं पाणी ओतत, चोळत, आणि खाली ताटात पडणारं पाणी हळूहळू पिवळसर होत जाई. जितकं पिवळं, तितकी उतरली.

माझा नंबर आला. मी हात पुढे केले. त्यांनी चुन्याचं पाणी ओतलं, चोळायला सुरुवात केली, आणि माझे पिवळे तळवे त्यांच्या बोटांखाली लाल व्हायला लागले. केशरी, मग विटकरी, मग लालच. ताटातलं पाणीही लाल. म्हाताऱ्यांचं पुटपुटणं थांबलं. आधीचे दोघं उठून मागे सरकले. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. म्हातारे ताटाकडे बघत म्हणाले, “आई, अशी कावीळ मी जल्मात नाय बघितली.”

मी बघितलेली होती. रोज बघत होते. लॅबमध्ये दिवसातून वीस वेळा मी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून द्रावणाचा रंग कधी पालटतो ते बघत होते. त्याचा मला पगार मिळत होता. चुन्याने पिवळ्याचा लाल होतो तो रंग असतो, आजार नाही. हे मला कळलं, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत सासूबाईच बोलल्या.

“हळदीत चुना घातला की कुंकू होतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “अगं, हा रंग आहे. तू काय अंगाला लावून घेतलंयस?”

तिथेच उभ्या उभ्या मला ती पिशवी आठवली. बुडाची घडी. चिकटवलेल्या घडीच्या आत साबणाचं पाणी गेलंच नसणार. कोरडी पूड तिथे दडून बसली असणार आणि मी ती नेमकी खांद्यांवर, जिथे घाम सगळ्यांत आधी येतो तिथे, गळ्याभोवती घातली. घामाने ती सुटली आणि हातांवरून तळव्यांपर्यंत ओघळली. तो नुसता रंग निघाला हे माझं नशीब. त्याच कारखान्यात अंगाला लागू नयेत अशा कितीतरी पावडरी होत्या, आणि त्यांची यादी माझ्याच अक्षरात लॅबच्या भिंतीवर लावलेली होती.

म्हाताऱ्यांच्या पुढ्यात नारळ ठेवून आम्ही टांग्यात बसलो. पुलावर येईपर्यंत पाऊस परत कोसळायला लागला. घरी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. सासूबाईंनी सगळं सांगितलं, माझे लाल हात पुढे करून दाखवले. सासऱ्यांनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. आत पांढरंशुभ्र. हे त्यांनी सकाळीच का बघितलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं. ते गृहस्थ स्टेशनवर गेले होते.

“आता पत्र गेलं,” सासरे म्हणाले. “उद्या मी जाऊन समजावून सांगेन.”

तात्पुरत्या माणसाने सोडतो म्हणून लिहिल्यावर उद्या समजावून घेणारं तिथे कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं, हेडक्लार्क राहिलेल्या माणसाला तर माझ्यापेक्षा जास्त. मी सासूबाईंकडे बघितलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “तो कागद घेऊन ये.”

मी जिना उतरले. रेनकोट दोरीवर होता, रुमाल, पिशव्या, कोरड्या कपड्यांचा गठ्ठा सगळं वर होतं. परत चढायला दोन मिनिटं लागली असती. मी चढले नाही. रेल्वेचं फाटक सुदैवाने उघडं होतं. पूर्वेला आल्यावर वारा समोरून होता आणि पाऊस आडवा. पहिल्या पाच मिनिटांतच भिजायचं काही शिल्लक राहिलं नाही. एरवी मी दर थोड्या वेळाने मनात तपासत असे, खांदा, बाही, गुडघा. त्या दिवशी मोजत होते ती फक्त मिनिटं. ओल्या ब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून वळणाच्या आधीपासूनच ते हलके दाबत होते. एक टँकर जवळून गेला आणि चिखलाची लाट अंगावर आली. ती पावसानेच धुतली.

गेटवर पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. वॉचमनच्या खोलीच्या पत्र्याखाली उभी राहिले. थंडीने दात वाजत होते, आणि छातीत कुठे दुखतंय का याकडे कान लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. दहा मिनिटांनी ते गृहस्थ आले, छत्री धरून, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. मला बघून थांबले.

“वहिनी, तुम्ही तर आजारी ना?”

मी म्हणाले, नाही, आणि ते पाकीट द्या. त्यांनी खिशावर हात ठेवला.

“काकांना शब्द दिलाय. टाइम ऑफिसातच देईन म्हणून.”

“काकूंनी परत मागवलंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत पाणी गळतंय, हात मनगटापर्यंत लाल. “काकूंनी मागवलंय म्हणता, तर मग प्रश्नच नाही,” असं म्हणून पाकीट माझ्या हातात दिलं आणि हजेरी लावायला आत गेले.

मी लॅबच्या साहेबांना भेटून आजची रजा मांडायला सांगितली. त्यांनी हातांकडे बघून कुठल्या बॅचचा रंग ते बरोबर ओळखलं आणि पिशवीची हकीकत ऐकून चांगलं फैलावर घेतलं. पॅकिंगच्या मावशी घरी जायला निघाल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “बूड आधी कापून फेकायचा, बाय. पूड बुडाशीच ऱ्हाते. मी सांगितला नाय, कारन ह्यो तर शेंबड्या पोरालाबी कलतो.” त्या हसत होत्या, पण जाताना स्वतःच्या डोक्यावरचं कोरडं फडकं सोडून माझ्या गळ्याभोवती बांधून गेल्या.

त्या दिवशीच्या चौथ्या रकान्यात एकच शब्द आहे: सगळं.

पुढचे तीन दिवस घरात कोणीच मोकळा श्वास घेतला नाही. सुंठीचा काढा, छातीला शेक, आणि सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. आता तो उघड उघड टेबलावरच ठेवलेला होता. सासरे स्वतः खिडकीशी नेऊन पारा वाचत. पहिल्या रात्री घशात खवखव होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. आजही वाटतं, सासूबाईंना ती कळली होती. तिसऱ्या दिवशी पारा जागचा हलला नाही तेव्हा सासऱ्यांनी थर्मामीटर झटकून कपाटात ठेवला. ते भिजून शाई पसरलेलं पत्र मी वहीतच ठेवलं होतं.

पावसापेक्षा थंडी अवघड निघाली. नोव्हेंबरच्या शेवटापासून नदीकडून धुकं यायचं आणि सव्वासहाला हँडल हातात धरवत नसे. पण चुका करून काही नियम कळले होते. अंगाशी सुती, वर स्वेटर आणि दोन्हींच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी, म्हणजे वारा आत येत नाही. हातांत नवऱ्याचे लोकरी पायमोजे, पण अंगठा मोकळा, ब्रेकसाठी. मफलरची टोकं आत खोचलेली. आणि मुख्य म्हणजे निघताना जरा थंडी वाजलीच पाहिजे. घरातूनच उबदार निघालं तर फाटकापर्यंत घाम येतो आणि मग तोच घाम गार होऊन छातीवर बसतो. सासऱ्यांना हे अजिबात पटत नसे. ते दारात उभे राहून आणखी एक शाल पुढे करत आणि मी ती घेत नसे. रोज सकाळी या एका गोष्टीवरून आमचा मूक झगडा होई.

डिसेंबरच्या मध्यावर कायम केल्याचा कागद मिळाला. घरी येऊन मी तो सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, सही कोणाची आहे ते बघितलं, मजकुरात एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि घडी घालून परत दिला. मग दिवाणाखालून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला.

“उद्या गारठा वाढणार दिसतोय,” ते म्हणाले. “एक पान काढून ठेवू की दोन?”

मी म्हणाले, एक पुरेल.

त्यांनी दोन काढली.